दुधातली बशी

४ नोव्हेंबर

आईच्या दुधाच्या पातेल्यात बशी!

मला वाटलं चुकून पडली. काढायला चमचा घातला तर ओरडलीच — "राहू दे गं! ती माझी नोकर आहे." चिनी मातीची छोटी बशी, तळाशी उपडी. थोड्या वेळाने खडखडायला लागली. आधी टक् टक्, मग नुसता धुमाकूळ. आई बाहेरच्या खोलीतून सावकाश उठून आली, गॅस बंद केला. एक थेंब उतू गेला नाही.

घरी येताना चालता चालता जुळवलं. तळाचं दूध आधी तापतं. वाफेचे बुडबुडे बशीखाली अडकतात, दाटी झाली की बशीला उचलून बाहेर पडतात, बशी परत आपटते. सातवीच्या पुस्तकात उकळण्यावर दीड पान आहे. ते वाचून एकाही पोराच्या चेहऱ्यावर काही हललेलं मी पाहिलेलं नाही. ही बशी दाखवली तर?

मोठ्या बाई बैठकीत म्हणाल्या होत्या, "पुस्तक मिटा. घरातलं विज्ञान वर्गात आणा." तेव्हा मी मनात म्हटलं होतं, आमच्या घरात कसलं आलंय विज्ञान, पसारा आहे नुसता! आता म्हणते, आईच्या घरी जाऊन बघावं.

६ नोव्हेंबर

आणखी एक मिळालं. आई रोज सकाळी गॅसच्या नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावते. फुगा आला तर गळती, नाही आला तर ठीक. फेस कशाने लावते? बाबांच्या दाढीच्या ब्रशने!

बाबांचं एवढंच काय ते तिने ठेवलंय. त्यांचा तपकिरी स्वेटर ते गेल्यावर महिन्याभरात पेपर टाकणाऱ्या म्हाताऱ्याला देऊन मोकळी झाली. मी मागणार होते. लाज वाटली म्हणून थांबले, तेवढ्यात गेला. बाबा जन्मभर लेथवर उभे राहिले. त्या स्वेटरला तेलाचा, लोखंडाच्या किसाचा, त्यांच्या मानेचा वास होता. कितीही धुतला तरी जायचा नाही. तो कसा देववला तिला?

विचारलं नाही कधी. ब्रश मात्र मजेत आहे.

७ नोव्हेंबर

आज वर्गात बशी खडखडली! मुलं बाकांवर उभी राहिली. एकाने विचारलं, "बाई, तुमची आई शास्त्रज्ञ आहे का?" म्हटलं, आहेच.

९ नोव्हेंबर

दादाला फोन केला. आईचं कौतुक त्याला नाही सांगायचं तर कोणाला? तो तिकडे त्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये एकटा. लग्न केलं नाही, आता करणारही नाही. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नीट आहे ना ती? कौतुकं तू कर. मला फक्त एवढं सांग."

बाबा गेल्यावर त्याने आईला न्यायचा हट्टच धरला होता. तिने तेव्हा त्याला शब्द दिला — "ज्या दिवशी मला माझी शेगडी सांभाळता येणार नाही त्या दिवशी तू म्हणशील तिथे येईन. तोंडातून ब्र काढणार नाही. पण तोवर माझ्या दाराला कुलूप लावायचं नाही." दादा तो शब्द विसरलेला नाही. तीही नाही. तिच्यासाठी एक खोली त्याने रिकामी ठेवली आहे, हे त्याने आज परत सांगितलं.

मग स्वतःवरच हसला. परवा म्हणे त्याचा भात करपून कोळसा झाला, शेजारीण दार बडवत आली, "घराला आग लावताय का!" हा आपला आत पेपर वाचतोय! म्हटलं, खोली आईसाठी ठेवलीस की स्वतःसाठी स्वयंपाकीण शोधतोयस?

आईला सांगितलं, तर ती हसली नाही. "शेजारणीला आधी कळलं?" एवढंच विचारलं, आणि परत नखांनी शेंगा सोलत बसली.

१२ नोव्हेंबर

आईकडे जेवले. सगळं कुरकुरीत. आताशा ती सगळंच कुरकुरीत करते आणि वर लिंबू पिळत सुटते. "मऊ मऊ खाऊन कंटाळा येतो." दात शाबूत आहेत तोवर चालू दे!

दूध पिण्याआधी चमचाभर वेगळं तापवून बघते — फाटलं तर नासलं. शेगडीवरच्या झरोक्यात पातळ कागदाची पट्टी टांगली आहे. पट्टी हलते म्हणजे हवा खेळते. "मग गॅस साठत नाही. हो ना गं? तू शिकलेली." म्हटलं, अगदी बरोबर! हवेचे प्रवाह! मी तिची पाठ थोपटली. तीही लहान मुलीसारखी खूश झाली.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आईंना वर्गातच घेऊन या की."

१५ नोव्हेंबर

आई वर्गात आली. आकाशी साडी, नीट विंचरलेला अंबाडा, हातात पिशवीत बशी. पहिल्या तासाला तिने बशी दाखवली, झरोक्याची पट्टी सांगितली, साबणाचा फेस काढून दाखवला. पोरं वेडी झाली. एवढी खुललेली मी तिला बाबा गेल्यापासून पाहिली नव्हती.

दुसऱ्या तासाला विसरणाचा, म्हणजे वास हवेत पसरण्याचा, प्रयोग होता. नेहमीचाच — सगळ्यांनी डोळे मिटायचे, मी टेबलावर अत्तराची बाटली उघडणार, ज्याला वास येईल त्याने हात वर करायचा. पुढच्या बाकावरून मागे हात वर होत जातात, वाऱ्याने पीक हलावं तसे. दर वर्षी बघते आणि दर वर्षी अंगावर काटा येतो. न दिसणारी गोष्ट चालत जाताना दिसते!

आई म्हणाली, मीपण बसते. शेवटच्या बाकावर, शंकेच्या शेजारी. या मुलीला सगळा वर्ग शंका म्हणतो, कारण तिला कायम एक असतेच.

बाटली उघडली. पहिली रांग हलायच्या आत मागून एक हात वर. शंकेचा! लगेच शेजारी आईचा.

मी म्हटलं, "अरे वा, वास उडी मारून मागे गेला वाटतं!" सगळे डोळे उघडून मागे बघायला लागले. शंका खो खो हसत उभी राहिली — "बाई, मला सर्दी आहे, नाक पूर्ण बंद आहे! मी उगीच केला वर. आजींनी माझं बघून केला! आजी कॉपी करत होत्या!"

वर्ग फुटला हसून. आई पण हसली. पदर तोंडावर धरून, खांदे हलवत. म्हणाली, "पकडलंस की गं मला."

मीही हसले. पण हसता हसता मला दिसलं — पदराच्या वरचे तिचे डोळे माझ्यावर होते. ती बघत होती, मला कळलं का.

१६ नोव्हेंबर

गंमत केली असेल. लहान मुलांत लहान झाली. एवढंच.

१८ नोव्हेंबर

नाही. एवढंच नाही.

आज तिच्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि तिथली एकेक वस्तू मला ओरडून सांगायला लागली. बशी — कारण उतू गेलेल्या दुधाचा वास येत नाही. फेस — गॅसचा येत नाही. चमचाभर दूध तापवणं, टांगलेली पट्टी, कुरकुरीत, लिंबू... मी वहीत एकाखाली एक उदाहरणं लिहीत होते, टाळ्या घेत होते. विज्ञानाची बाई! सगळी निरीक्षणं बरोबर. निष्कर्ष तेवढा काढला नाही.

विचारायची वेळ आलीच नाही. मी नुसती उभी होते. ती म्हणाली, "झालं ना कळून? बस आता."

बाबांच्या दुखण्याआधी तिला तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर नाक गेलं म्हणे. आधी वाटलं सर्दी आहे. मग बाबांचं दुखणं सुरू झालं. त्यात स्वतःच्या नाकाचं काय सांगत बसायचं? बाबा गेल्यावर सांगायची सोय राहिली नाही, कारण शब्द देऊन बसली होती.

"तुमच्या तोंडाकडे बघून कळतं मला सगळं," म्हणाली. "कोणी नाक मुरडलं की मी म्हणते, काय गं घाण येतेय. कोणी वा म्हटलं की मी वा. जमतं. इतकी माणसं त्यावरच जगतात."

मग मी तो स्वेटर विचारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तो घेऊन बसले होते मी," म्हणाली. "दार लावून. वाटलं, ह्यात तरी असतील. छातीशी धरला, तोंड खुपसलं. नुसती लोकर! गरम, टोचरी, कोणाचीही. मग म्हटलं, तो म्हातारा थंडीत सायकलवर येतो, त्याला तरी ऊब होईल."

मी तिला कोरडी समजत होते.

निघताना हात धरला — "दादाला कळू देऊ नकोस. त्याच्या त्या खोलीत मी काय करू? कुंडीसारखी बसवून ठेवेल. ऊन दाखवेल, पाणी घालेल."

१९ नोव्हेंबर

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दादाला सांग." मी म्हटलं, आई माझी आहे. तो म्हणाला, "दादाचीही आहे."

२० नोव्हेंबर

नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी डोळे मिटायला सांगून एकेक कुपी नाकाशी धरली. तिथे बघायला कोणाचाच चेहरा नव्हता. आई प्रत्येक कुपीला मान हलवत राहिली — नाही. नाही. नाही. शाळेत गणित न येणारी मुलगी फळ्यापाशी उभी असते, तशी दिसत होती.

डॉक्टर हळू बोलले. इतकी वर्षं झालीत, आता परत यायची आशा फारशी नाही. "आजी, शक्यतो गॅस नको. विजेची शेगडी घ्या. शिळं खाऊ नका." मग विचारलं, "घरात आणखी कोणाला असा त्रास? कधी कधी एकाच घरात दोघातिघांना असतो."

मी म्हटलं, छे! मला तर चार घरांपलीकडचा वास येतो.

आई म्हणाली, "मला ठाऊक असलेलं कोणी नाही."

२२ नोव्हेंबर

न सांगायचं ठरवलं आहे. विजेची शेगडी आणू सावकाश. तोवर बशी आहे, फेस आहे, पट्टी आहे. दादाशी फोनवर छान बोलले. खोटं बोलताना माझा आवाज गोड होतो, हे नवीनच कळलं.

२४ नोव्हेंबर

शंकेने हात वर केला. "बाई, आजींची पट्टी तर वर आहे. सिलिंडरचा गॅस वर जातो की खाली?"

मी खडू खाली ठेवला.

खाली! हवेपेक्षा जड असतो तो. घनतेचा धडा मीच शिकवते ना? सांडलेल्या पाण्यासारखा जमिनीवरून पसरतो, उंबऱ्याखालून जातो, जिना उतरतो. वरच्या झरोक्यातली पट्टी आनंदाने हलत राहील. आणि आईच्या घराखाली शिंपी राहतो. त्याचं दुकान, दुकानामागे खोली. बायको बाळाला चटईवर निजवून गुंड्या लावत असते. जमिनीवर, चटईवर.

आणि मी पाठ थोपटली होती. भर वर्गात सांगूही दिलं होतं.

मुलांना सांगितलं, माझी चूक झाली, पट्टी खाली हवी आणि दारही उघडं हवं. एकाने वहीत खोडलं, दुसऱ्याने खोडलं. सगळ्या वर्गाचा खोडण्याचा आवाज आला.

सुटल्यावर तडक आईकडे गेले. सांगितलं. तिने आधी पट्टीकडे पाहिलं, मग फरशीकडे. "म्हणजे खालच्या पोराकडे जाईल?"

"जाऊ शकतो."

"सकाळी फेस लावते मी. पण दिवसभरात..." उठली, सिलिंडर बंद केला, आणि माझ्यासमोर दादाला फोन लावला. "माझं नाक गेलंय रे. बरीच वर्षं झाली. तुझ्यापासून लपवलं. शब्द म्हणजे शब्द. कधी येतोस?"

पलीकडे तो काय म्हणाला कळलं नाही. आई "हं" करत राहिली. माझ्याकडे पाठ करून.

२५ नोव्हेंबर

विजेची शेगडी आणली! सिलिंडर परत देऊन टाकला. दादाला फोन करून भांडले — तिने शब्द दिला तो आग सांभाळायचा होता. आता घरात आगच नाही! तो म्हणाला, "वकील व्हायला हवी होतीस." मग म्हणाला, येतो रविवारी. दिवसभर बघतो. तिला जमतंय असं दिसलं तर राहू दे.

आईला सांगितलं. तिने शेगडी फडक्याने पुसली, परत पुसली. "दिसेल त्याला," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्याच्याकडे गॅसच आहे ना गं?"

२७ नोव्हेंबर

आईचा सराव चाललाय. लाल दिवा लागला म्हणजे तापतेय, विझला म्हणजे झालं. बशी याही शेगडीवर खडखडते. राहील ती. मला खात्री आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

हरलो.

दादा सकाळीच आला. मोठा झालाय, म्हणजे म्हातारा. कपाळ बाबांसारखं. टेबलाशी पेपर उघडून बसला, शेगडीकडे पाठ करून. मी समोर. आईने चहासाठी दूध ठेवलं आणि आमच्यापाशी येऊन बसली. गप्पा निघाल्या — बाबांनी लेथवर भोवरा करून दिला होता आणि तो दादाने शेजारच्या विहिरीत टाकला होता, ते.

बोलता बोलता मला वास आला. दूध तळाला लागतंय. मी आईकडे पाहिलं, ती शांत बसली होती. आत्ता बशी वाजेल, आत्ता वाजेल म्हणून मी कान टवकारले. वाजली नाही. वास वाढला, डोळ्यांत जायला लागला. मी धावले. दूध उतू जाऊन, आटून पातेलं काळं झालेलं. आत बशी नव्हती. बशी ओट्यावर पालथी, कोरडी.

विसरली! नेमकी आज विसरली!

दादाने बोल लावला नाही. मान वर करून एवढंच म्हणाला, "काय झालं गं?" इतका समजूतदार कधी झाला तो? मी पातेलं घासत राहिले, म्हणजे चेहरा दाखवावा लागू नये.

आणि मागून आई म्हणाली, "मी येते रे तुझ्याबरोबर."

दादाने पेपर खाली ठेवला. मी म्हटलं, आई, एका दुधाने काय होतंय, मी रोज येईन, मी— ती म्हणाली, "पुरे. ठरलं." आवाजात रडू नव्हतं. उलट खोलीभर भराभर फिरत सामान काढायला लागली. दोन पातळं, चष्मा, औषधं. बाबांचा ब्रश. सगळ्यात शेवटी बशी, टॉवेलात गुंडाळून.

जिन्यावरून उतरताना शिंप्याच्या बाळाच्या गालाला हात लावला. कुलूप मला लावायला लावलं.

१ डिसेंबर

शाळेतून घरी येताना पाय आपोआप तिकडे वळले. कुलूप बघून परत आले.

३ डिसेंबर

आईचा फोन. हळू बोलत होती, दादा कामावर निघायचा होता.

"बशी मी मुद्दाम काढून ठेवली होती. तुझ्या वर्गासारखं केलं बघ. तुमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत बसले. तुझं नाक आक्रसलं, डोळ्यांत पाणी आलं. तो विहिरीची गोष्ट सांगत राहिला, हसत. त्याला माहीतच नाही गं. विचारलं तर म्हणतो, मला कधी कुठला वासबिस कळत नाही, सगळ्यांचं असंच असतं ना?"

मागून दादाचा आवाज आला — "आई, हे गॅसच्या नळीला सकाळी सकाळी काय फासलंयस?"

"तू जा रे कामावर," आई म्हणाली. "मी आहे."